शीळ आणि शिट्टी

३ फेब्रुवारी, मंगळवार

वहिनी,

नऊ वर्षांनी लिहिलेल्या पत्राची सुरुवात नमस्कारानं करावी की माफीनं, या विचारात दोन कागद फाडले. हा तिसरा. हाही फाडला तर तुमची टिटवी मला फाडून खाईल, म्हणून लिहितोच. नमस्कार. घ्यायचा की नाही ते तुम्ही ठरवा.

ही टिटवी आठ दिवस माझ्या डोक्यावर बसली आहे. म्हणते, "काका, आईला तुम्हीच लिहा. मी ऑपेरा हा शब्द काढला की ती उठून भांडी घासायला लागते. घासलेलीसुद्धा." मी म्हटलं, अगं, माझं नाव बघून ती पाकीटच चुलीत घालेल. तर म्हणाली, "आमच्याकडे गॅस आहे." दादानं तिचं नाव टिटवी ठेवलं ते उगाच नाही. पाळण्यात होती तेव्हा गल्लीच्या टोकापर्यंत ऐकू यायची. आता तोच आवाज साठ वाद्यांच्या वरून शेवटच्या रांगेपर्यंत जातो. पुढे माइक नाही, काही नाही. नुसतं पोट आणि गळा.

तर मुद्दा असा. या महिन्याच्या एकवीस तारखेला, शनिवारी दुपारी तीनच्या खेळात तिला मुख्य भूमिका मिळाली आहे. एकच खेळ, पण मुख्य. सोबत तिकीट आहे. तिसरी रांग, कडेची खुर्ची, म्हणजे मध्येच उठून जावंसं वाटलं तर कुणाच्या पायावर पाय पडणार नाही. हे टिटवीनंच सुचवलं. तिनं तुम्हाला पुरतं ओळखलं आहे.

तुम्ही आमच्या थिएटरात कधी पाऊल टाकलं नाहीत. दादा इथे सुतार होता तेव्हा वेळ मिळाला नाही, आणि तो गेल्यावर कशाला टाकाल. म्हणून ऑपेरा म्हणजे काय ते मी सांगायचं असं ठरलं. मी काही शिकलेला माणूस नाही, स्टेजच्या वरच्या मचाणावर दोर ओढणारा माणूस. पण बावीस वर्षं इथे आहे, त्यातली बरीच वरून बघतोय, तेव्हा डोक्यांच्या मधल्या भांगापासून तरी मला सगळं पाठ आहे.

पहिली गोष्ट, इथे माणसं बोलत नाहीत, गातात. "दार लाव" हेसुद्धा गाऊन सांगतात, आणि समोरचा "लावतो" हे गाऊन सांगतो, आणि तोवर वारा आत येऊन गेलेला असतो. सुरुवातीला हसू येईल. खुशाल हसा. पाऊण तासानं हसू थांबतं आणि मग साधं बोलणारी माणसंच विचित्र वाटायला लागतात.

दुसरी गोष्ट, गाणं दोन तऱ्हेचं असतं. एक चालतं गाणं. त्यात गोष्ट पुढे सरकते, कोण आलं, कोण गेलं, पत्र कुणी चोरलं. आणि दुसरं थांबलेलं गाणं. त्याला आरिया म्हणतात. तेव्हा गोष्ट जागच्या जागी उभी राहते आणि एक माणूस पुढे येऊन मनातलं सगळं ओकतो. बाकीचे ऐकत नाहीत असं आपण धरून चालायचं, मग ते दोन हातांच्या अंतरावर का उभे असेनात. लोक तिकीट काढून येतात ते त्या थांबलेल्या गाण्यांसाठी. बाहेर पडताना तोंडात असतात तीच.

पडदा उघडण्याआधी दहा मिनिटं नुसती वाद्यं वाजतात. त्याला ओव्हर्चर म्हणतात. पुढे येणाऱ्या सगळ्या चाली त्यात थोड्या थोड्या चाखवतात. तेव्हा पर्समधल्या पिशवीचा आवाज करायचा नाही. काडी हलवणारा एक माणूस खाली खड्ड्यात उभा असतो. आम्ही त्याला काडीवालाच म्हणतो. तो अशा आवाजाला मान वळवून बघतो आणि त्याचं बघणं वाईट असतं.

भाषा कळणार नाही याची काळजी नको. वर एका पट्टीवर आपल्या भाषेत ओळी येतात. टाळी कधी वाजवायची कळलं नाही तर शेजारचा वाजवेल तेव्हा. मी बावीस वर्षं तेच करतोय.

आज एवढंच. थंडी आहे.

तुमचा धाकटा दीर


९ फेब्रुवारी, सोमवार

वहिनी,

उत्तर नाही. मी वाट बघत होतो असं नाही, पण रोज दोनदा पेटीत हात घालून आलो. टिटवी म्हणते, पाकीट सुरीनं नीट कापलेलं आहे आणि साखरेच्या डब्याखाली ठेवलेलं आहे. म्हणजे वाचलंत. मग पुढचं सांगतो.

या ऑपेराचं नाव 'सैल टाका'. बंदरावर शिडं शिवणारी एक मुलगी असते, ती आपली टिटवी. तिचा माणूस खलाशी, सकाळी जहाजावर जाणार आणि वर्षभर येणार नाही. ती काय करते, रात्री मोठ्या शिडाचा एक टाका मुद्दाम सैल ठेवते. हेतू एवढाच की शीड जरा फाटावं, जहाज दोन दिवसांत परत यावं. जहाज निघतं आणि वादळ येतं. आता तो टाका सैल आहे हे साऱ्या बंदरात एकटीला ठाऊक. सांगितलं तर जहाज परत बोलवता येईल, पण लोक तिला जिवंत सोडणार नाहीत. नाही सांगितलं तर तो बुडेल. दुसरा अंक सगळा या सांगू की नको मध्येच जातो. माणसं येतात, काय झालं विचारतात, ती म्हणते काही नाही, डोळ्यांत वारा गेला.

आणि तिसऱ्या अंकात ते गाणं. ती सांगून टाकते. गाताना तिच्या मागून एक जुनं शीड हळूहळू खाली उतरतं, तिच्या खांद्यांपर्यंत. ते शीड ज्या लोखंडी पाइपला बांधलेलं असतं तो पाइप यंदा मी सोडणार. इतकं हळू सोडायचं असतं की बघणाऱ्याला वाटावं तेही तिचं ऐकतंय.

ते गाणं म्हणजे या घराचा रोग आहे. खेळ लागला की झाडूवाली गुणगुणते, तिकीटवाला गुणगुणतो, काडीवालाही मोजे घालताना गुणगुणतो असं त्याच्या बायकोनं सांगितलं. पहिला सूर एकच, लांब, श्वास पुरेल तितका ओढलेला, आणि मग तीन पायऱ्या उतरून खाली येतं. एवढंच आहे. ऐकाल तर म्हणाल, यात काय विशेष. आणि दुसऱ्या दिवशी भांडी घासताना तुमच्याच तोंडातून बाहेर पडेल.

स्टेजवर गुणगुणा खुशाल, शीळ मात्र घालायची नाही. आमच्याकडे दारावरच लिहिलं आहे. बाहेरच्या लोकांना वाटतं अंधश्रद्धा आहे. तसं काही नाही. वर मचाणावरच्या माणसाला खालचं धड दिसत नाही. म्हणून जुन्या काळापासून खालून शिट्टी द्यायची रीत होती. एक लांब म्हणजे खाली सोडा, दोन आखूड म्हणजे वर ओढा. पुढे खुणेचे दिवे आले, पण दुपारच्या ठोकाठोकीच्या कामाला दिवे कोण लावतो, जुनी माणसं शिट्टीवरच चालायची. आता वरच्याला शीळ काय आणि शिट्टी काय. कानाला एकच.

दादाचं तुम्हाला माहीतच आहे. त्यावर मी लिहीत नाही.

आवाजांचं सांगायचं राहिलं. बारीक उंच आवाजाच्या बाईला सोप्रानो म्हणतात, तिच्या वाट्याला प्रेम येतं. जाड आवाजाची बाई आई तरी होते नाहीतर चेटकीण. पुरुषांत उंच आवाजवाला टेनर, तो नेहमी आणाभाका घेतो आणि तिकडेच विसरतो. सगळ्यात खालचा आवाज बास, तो बाप किंवा न्यायाधीश, एकदा बोलला की विषय संपला. माझा आवाज यातला कुठलाच नाही. मी मागच्या साठजणांच्या घोळक्यातला. ते सगळे मिळून एकच वाक्य म्हणतात आणि त्यातल्या कुणा एकाला विचारलं तर तो म्हणतो, मी नाही बोललो.

याल ना?

धाकटा दीर


१४ फेब्रुवारी, शनिवार

वहिनी,

तुमचं पत्र मिळालं, तिकीट परत आलं. जिन्यातच उघडलं आणि जिन्यातच बसलो. वरच्या मजल्यावरच्या बाई पायऱ्या उतरताना म्हणाल्या, बरं नाही का? मी म्हटलं, बूट घालतोय. पायात बूट होतेच.

चार ओळी लिहिल्यात तुम्ही. मला त्या पाठ झाल्या. "ती चाल मीच मागितली होती. सकाळी डबा देताना मी म्हणाले, रोज नुसतं काय चाल आहे म्हणता, आज नीट बसवून या आणि मला ऐकवा. ते बसवत होते, भान राहिलं नाही. तुम्ही आमच्याकडे का येत नाही ते मला कळतं भाऊजी, माझ्याकडे बघवत नसेल."

वहिनी, नाही. असं नाही. असं मुळीच नाही.

नऊ वर्षं तुम्ही हे घेऊन बसला आहात हे मला ठाऊक नव्हतं, शपथेवर सांगतो. मला वाटलं, तुम्ही दादावर चिडलेल्या आहात. बेफिकीर नवरा, शीळ घालत उभा राहिला आणि जीव गमावून बसला, असं म्हणून चिडलेल्या. घरात कुणी गुणगुणलं की तुम्ही उठून आत जाता ते त्या रागानं. तुम्ही स्वतःला धरून बसला असाल हे माझ्या मनात एकदाही आलं नाही. आलं असतं तर

काय केलं असतं, ते खरं म्हणजे सांगता येत नाही.

तुमचा दोष नाही. तुम्ही चाल मागितली त्यात काही चूक नव्हती. कुठलीही बायको मागेल. एवढं माझ्यावर विश्वास ठेवून धरून चाला. कशावरून, असं विचाराल. वहिनी, विचारू नका. विचारलं तर मी ताकाला जाऊन भांडं लपवल्यासारखं काहीतरी लिहीन, आणि ते तुम्हाला लगेच कळेल.

तिकीट परत पाठवतोय. तिसरी रांग, कडेची खुर्ची.



धाकटा दीर


१७ फेब्रुवारी, मंगळवार

वहिनी,

आज सकाळी शीड लावून तालीम झाली. दादा गेल्यावर 'सैल टाका' इथे पहिल्यांदाच लागतोय. मधल्या वर्षांत मॅनेजरनं दोनदा लावायचं ठरवलं होतं, मी दोन्ही वेळा पाइप खराब आहे म्हणून सांगितलं. पाइप नवा होता. हे आजवर कुणाला बोललो नाही.

टिटवी ठरलेल्या जागी येऊन उभी राहिली. स्टेजवर खडूची फुली असते. वरून मला तिचे खांदे आणि केसांची पिन दिसत होती. पहिला सूर तिनं लावला, लांब, आणि मी दोर सोडायचा होता. हात उघडेना. वहिनी, मी दोराला असा धरून राहिलो की दुसऱ्या माणसानं येऊन बोटं सोडवली. खाली काडीवाल्यानं काडी आपटली, "वर कुणी झोपलंय का?" सगळे हसले. पुन्हा सुरुवात केली. दुसऱ्यांदा सोडलं, पण सबंध वेळ मी पाइपाकडे बघत होतो, गाण्याकडे लक्षच नव्हतं. तिनं कसं म्हटलं मला विचारू नका.

दुपारी ती दोन कप चहा घेऊन शिडीनं वर आली. मचाणावर पाय सोडून बसली, जशी लहानपणी आमच्या ओट्यावर बसायची. मला म्हणाली, "काका, बाबांनी खरंच शीळ घातली होती?"

मी म्हटलं, "का गं?"

"नाही, मला ते घरी काम करताना आठवतात. खुर्ची ठोकायला बसले की मी काही विचारायची आणि ते नुसतं हं हं करायचे. शीळ घालायचे ते अंघोळीला जाताना. काम करताना कधी घातलेली मला आठवत नाही."

तेरा वर्षांची होती ती तेव्हा. या पोरीला काय काय आठवतं.

आणि मी काय म्हणालो असेन? मी म्हणालो, "त्यानंच घातली. मी ऐकली." तिनं मान हलवली, चहा संपवला. मग म्हणाली, "बरं. मग आईला एवढं तरी लिहा की कुणी तिच्यावर रागावलेलं नाही." कप घेऊन उतरून गेली.

वहिनी, दादा गेल्यावर आठव्या दिवशी तुम्ही मला दारात हेच विचारलं होतं. "तुम्ही तिथे होतात. शीळ त्यांनीच घातली ना?" तेव्हाही मी हो म्हणालो, आणि त्यानंतर तुमच्या दारात आलो नाही. आज पोरीला हो म्हणालो. मी जन्माचा भागूबाई. लहानपणी विहिरीत डोकवायचं तर दादा माझा सदरा मागून धरायचा.

आज झोप येईलसं वाटत नाही. उद्या सुटी मागितली आहे.

धाकटा दीर


१९ फेब्रुवारी, गुरुवार

वहिनी,

हे पत्र फाडायचं नाही असं ठरवून बसलो आहे. म्हणून शाईनं लिहितोय आणि लिहून झालं की मागे न वाचता पेटीत टाकणार आहे. तुम्ही बसून वाचा.

शीळ मी घातली.

त्या दुपारी स्टेजवर आम्ही दोघंच होतो. मी तेव्हा खालीच काम करायचो, सामान उचलायचं, धरायचं. दादा फळीवर गुडघे टेकून होडीची कड ठोकत होता. वर म्हातारा दोरवाला. शीड बदलायचं होतं म्हणून पाइपाचा भार तोलणारी दुसऱ्या टोकाची वजनं निम्मी काढलेली. मी दोऱ्या गुंडाळत होतो आणि आदल्या दिवशीच्या खेळातली ती चाल डोक्यात फिरत होती. दारावर काय लिहिलंय ते मला ठाऊक होतं. विसरलो असंही नाही. वाटलं, हळूच घालतोय, कोण ऐकतंय.

पहिला सूर लांब असतो हे तुम्हाला लिहिलंच होतं. मला तो छान जमला. एवढा छान याआधी कधी जमला नव्हता, म्हणून मी तो जरा जास्तच ओढला. म्हाताऱ्यानं वर ऐकला एक लांब, खाली सोडा. त्यानं कळ उघडली. वजन अपुरं, दोर त्याच्या हातातून पळाला, पाइप खाली सुटला.

मी सूर ओढत होतो तेव्हाच दादानं माझ्याकडे बघितलं होतं. एक हात वर केला, गप्प बस असा. त्याच्या घशातून नुसता हं असा आवाज आला. त्याला बोलता येत नव्हतं वहिनी, कारण त्याच्या तोंडात खिळे होते. तुम्हाला माहीत आहे त्याची पद्धत, ओठांत खिळे धरायचा आणि एकेक काढून ठोकायचा. तोंडात चार खिळे असलेला माणूस शीळ घालू शकत नाही. ते बघितलं असतं तर कुणालाही कळलं असतं.

म्हणून मी ते उचलले. म्हातारा शिडी उतरून येईपर्यंत, बाकीचे धावत येईपर्यंत मी फळीवर सांडलेले चार खिळे वेचून खिशात घातले. नऊ वर्षं स्वतःला सांगत आलो की कुणाच्या पायात घुसू नयेत म्हणून उचलले, भान नव्हतं, का उचलले कळलं नाही. कळलं होतं. भाऊ जमिनीवर पडलेला असताना माझी बोटं स्वतःला वाचवत होती.

दोन दिवसांनी मॅनेजरनं सगळ्यांना बसवलं आणि विचारलं, शिट्टी कुणी दिली? खालून शिट्टी द्यायचा अधिकार दादाचाच होता. म्हातारा म्हणाला, मी ऐकली ती ऐकली. कुणीतरी म्हणालं, सुताराला शीळ घालायची सवयच होती. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी हो अशी मान हलवली. बोललो एक शब्द नाही, मूग गिळून बसलो. वहीत लिहिलं गेलं, मयताने स्वतः दिलेल्या शिट्टीमुळे. म्हातारा पुढे चार वर्षांनी गेला. शेवटपर्यंत माझ्या हातात हात घालून म्हणायचा, तुझ्या भावाला मी मारलं रे. मी त्याला समजावायचो. मीच समजावायचो, बघा.

नंतर वरची जागा मी मागून घेतली. लोकांना वाटलं, भावाच्या दुःखानं. भीतीनं घेतली. दुसरा कुणी वर असला की खालच्या प्रत्येक आवाजाला माझ्या जिवाचं पाणी व्हायचं.

तुम्ही चाल मागितलीत म्हणून तो गेला नाही. तो चाल बसवत नव्हता, होडी ठोकत होता. तुम्ही नऊ वर्षं दुसऱ्याच्या चुकीची शिक्षा भोगताय आणि ज्याची चूक तो महिन्याला एक वाढीव रजा घेऊन मजेत नोकरी करतोय.

सकाळी मॅनेजरला हे सगळं लिहून दिलं, खाली सही केली. वहीतलं वाक्य बदलायला सांगितलं. हा मॅनेजर नवा आहे, त्यानं दोनदा वाचलं आणि चष्मा काढून ठेवला. मला कामावरून बाजूला केलं आहे, पुढचं वरचे लोक ठरवतील. मग टिटवीला सांगितलं, मेकअपच्या खोलीत, उभ्यानं. ती रडली नाही. आरशाकडे बघत होती. मग म्हणाली, "शनिवारी दोर कोण सोडणार?" मी म्हटलं, माझ्या हाताखालचा आहे, चांगला आहे, माझ्यापेक्षा चांगला. "मग ठीक आहे," म्हणाली आणि मला दार उघडून दिलं.

आता मला भीती कशाची आहे सांगू? तुम्ही माझं तोंड बघणार नाही याची नाही, ते तर मी ओढवून घेतलेलंच. भीती ही की माझ्या या पत्रामुळे तुम्ही शनिवारी येणार नाही, आणि पोरगी त्या गाण्याला उभी राहील तेव्हा कडेची खुर्ची रिकामी असेल. माझ्यावरचा राग तिच्यावर काढू नका. मी त्या इमारतीत नसेन.

पाकिटात खिळे आहेत. चारही. मोजून घ्या.


२२ फेब्रुवारी, रविवार

वहिनी,

काल मी इमारतीत नव्हतो, पण मागच्या गल्लीत होतो. सामान आत न्यायचं उंच दार तिकडे उघडतं, त्याच्या फटीतून वाद्यं ऐकू येतात. तिथे कचऱ्याच्या डब्याशेजारी उभा राहिलो. तुम्ही आलात की नाही ते मला कळायला मार्ग नव्हता. मध्यंतरात दारावरचा शिपाई विडी ओढायला आला, त्याला विचारायचं धैर्य झालं नाही. न विचारताच तो म्हणाला, "तिसऱ्या रांगेत पोरीची आई बसलीय. पर्स मांडीवर घट्ट धरून."

तिसऱ्या अंकात तिनं तो सूर लावला. मी कान झाकून घेतले, मग हात काढले. लांब सूर होता, संपला, तीन पायऱ्या उतरला, आणि काहीही झालं नाही. कुठे काही पडलं नाही, कुणी ओरडलं नाही. ती पुढचं गात राहिली. गाणं एवढं मोठं आहे हे मला ठाऊक नव्हतं. मी ते नऊ वर्षांत पहिल्या सुराच्या पुढे ऐकलेलंच नव्हतं. टाळ्या वाजल्या तेव्हा मी नाही वाजवल्या, शेजारी कुणी नव्हतं.

मग तुम्ही दोघी मागच्या दारानं बाहेर आलात. टिटवीच्या तोंडावर रंग तसाच होता. मला बघून ती थांबली आणि तुम्ही चालत आलात. मला वाटलं, आता माराल. मारायला हवं होतं. तुम्ही जवळ येऊन हळू आवाजात विचारलंत, "भाऊजी, त्यांना दुखलं का?"

नऊ वर्षांत हे तुम्हाला कुणाला विचारता आलं नाही. ज्याची स्वतःचीच चूक त्याला दुखलं का, हे कोण विचारणार, आणि कुणाला. मी तिथे खाली बघून सदऱ्याची गुंडी लावत राहिलो. तुम्ही मुलीला घेऊन गेलात.

आता सांगतो. बरं वाटेल असं लिहिता आलं असतं, पण आता तसलं लिहायचं नाही.

हो, दुखलं. पाइप कमरेवर आला होता. ओरडला नाही, दात दाबून धरले होते. फार वेळ नव्हता, पाचेक मिनिटं असेल. मी त्याचं डोकं मांडीवर घेतलं होतं. मी काय केलं ते त्यानं बघितलं होतं, पण त्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. माझा सदरा मुठीत धरला होता, मागून नाही, पुढून. एकदाच डोळे उघडले आणि विचारलं, "किती वाजले रे?"

मी म्हटलं, "साडेचार."

"मग आहे वेळ," म्हणाला. "ती सातला वाट बघते."